यादीतली नावं

सिल्वासात राहणाऱ्या माणसाला एक सवय आपसूक लागते. तोंडातून शब्द काढण्याआधी समोरचा कोणत्या भाषेतला आहे, हे तो मनाशी ताडून पाहतो. भाजीवालीशी गुजराती, बँकेत हिंदी, घरात मराठी आणि खानवेलच्या बाजारात गेलं तर वारलीतले चार शब्द. गावाच्या नावापासूनच ही कसरत सुरू होते. आम्ही सिल्वासा म्हणतो, गुजराती शेजारी सेलवास म्हणतात. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारचे एक वयस्कर गुजराती गृहस्थ दारात येऊन ह्यांना म्हणाले, "हूं नवरो छूं, चालो फरवा." आत मी कणीक मळत होते. हा परका पुरुष माझ्या नवऱ्याला 'मी नवरा आहे' असं का सांगतोय, या विचाराने माझा हात परातीतच थांबला. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, मोकळा, हे मला रात्री जेवताना कळलं. सीमेवर राहणाऱ्या घरांमध्ये असे किस्से पोतंभर निघतील.

एका शब्दाने मात्र मला कधी हसवलं नाही. तो शब्द म्हणजे कोड.

मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. त्वचेचा रंग जातो, बाकी काही नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि त्याने बोटंही झडत नाहीत. गुजरातीतही कोढ म्हटलं की बहुधा हेच डाग डोळ्यांसमोर येतात. हिंदीत मात्र कोढ म्हणजे कुष्ठरोग. आपली जुनी माणसं ज्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत, त्याला गुजराती माणूस रक्तपित्त म्हणतो. आणि आयुर्वेदवाल्यांच्या पोथीत रक्तपित्त म्हणजे पुन्हा तिसराच रोग. तीन भाषांच्या गावात एवढासा शब्द इकडून तिकडे गेला तर काय होतं, ते मी माझ्या वर्गात पाहिलं आहे. पाहिलं आहे म्हणजे, मीच केलं आहे.

१९९० साली मी खानवेलच्या पुढे एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते. सकाळची एसटी चुकली तर जीपच्या मागच्या फळीवर लटकत जावं लागे. वर्गात बहुतेक वारली मुलं, थोडी कोकणा. त्यांत एक मुलगा होता. नाव मुद्दाम लिहीत नाही. सतराचा पाढा न अडखळता म्हणायचा आणि भारद्वाजाचा आवाज असा काढायचा की बाहेरचा खरा पक्षी उत्तर द्यायचा. त्याच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा एक डाग होता. मी तो रोज पाहत होते आणि रोज विसरत होते. पुढे जनगणनेच्या तयारीच्या कामासाठी एक हिंदी भाषिक गृहस्थ शाळेत आले. पाणी पिता पिता त्यांचं लक्ष त्या दंडाकडे गेलं. "बहनजी, इस लडके को तो कोढ है. इसे अलग बिठाइए."

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मी काही अशिक्षित नव्हते. डी.एड. झाले होते, आनंदवनाबद्दल वाचलं होतं, बाबा आमट्यांचं नाव निघालं की हात जोडत होते. तरी दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हटलं, "तू दाराशी बस, तुला वारा लागेल." त्याच्यासाठी वेगळं गोणपाट आणलं. तो बिचारा खूश झाला. दाराशी बसलं की झाडं दिसत होती. चार दिवसांत मुलांच्या लक्षात आलं. खेळताना त्याला कुणी शिवेना. वडिलांना घेऊन ये असं मी दोनदा सांगितलं, पण ते आले नाहीत. दिवाळीची सुट्टी लागली आणि सुट्टीनंतर तो आलाच नाही. मी हजेरीपटात 'गै' लिहीत गेले. नियमाप्रमाणे ठरावीक दिवस झाले, तसं नाव पटावरून कमी केलं. लाल शाईने आडवी रेघ मारली, एवढंच.

यानंतर मी पंचवीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले, आणि २०१६च्या आषाढात एका दुपारी दाराची बेल वाजली.

दारात छत्री मिटत एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी, हातात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रजिस्टर. मला पाहताच तिचा चेहरा उजळला. "बाई! वळखलं नाय?" पुढच्या दोन दातांमधल्या फटीवरून ओळखलं. त्याच तिसरीच्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची. आता आरोग्य खात्यात काम करत होती. मी आग्रहाने आत बोलावलं, चहा टाकला, कोण कुठे गेलं याच्या गप्पा झाल्या. चहा संपल्यावर तिने रजिस्टर उघडलं आणि आवाज बदलला.

"बाई, या बाजूला एकाला कुष्ठाची लागण निघालीय. औषध चालू झालंय त्याचं. ज्यांचं ज्यांचं त्याच्याशी येणं-जाणं आहे, त्यांना सगळ्यांना आम्ही तपासतो आणि एकदाच एक औषध देतो. तुमच्या घराचं नाव यादीत आहे."

"कोण आहे तो?"

"ते सांगता येत नाय."

"अगं, पण आमच्या घराचं नाव यादीत दिलं कुणी?"

"तेही नाय सांगता येत."

मला संताप आला. आमच्यासारख्यांच्या घरात असलं काही नसतं, असं मी म्हणाले. जसं म्हणाले तसंच लिहिते आहे, कारण नंतर मला ते वाक्य पुष्कळ वेळा ऐकू आलं. दुसरीकडे जा, आम्हाला गरज नाही, असंही म्हणाले. ती उठली नाही. रजिस्टरवर बोट ठेवून हसली आणि म्हणाली, "बाई, शाळेत लस टोचायला यायचे तवा तुम्ही वर्गाचं दार लावून घ्यायच्या. कुणी पळू नये म्हणून."

यावर काय बोलणार? मी खरोखरच दाराला पाठ लावून उभी राहत असे.

तिने आतल्या खोलीत नेऊन माझी पाठ, दंड, पाय उजेडात नीट पाहिले. मग ह्यांना पाहिलं. ह्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला तेव्हा पट्टी होती. मधुमेहाची जखम, तीन महिने भरत नव्हती, दर दोन दिवसांनी सिव्हिलला ड्रेसिंग. तिने बॉलपेनच्या टोकाने पायाला इथे तिथे हलकेच टोचलं आणि डोळे मिटून कुठे लागतंय ते सांगायला लावलं. मी मधेच म्हणाले, "त्यांना डायबिटीस आहे!" ती शांतपणे म्हणाली, "हो, दिसतंय. ड्रेसिंग सोडू नका." मग प्रश्न सुरू झाले. दोन आठवड्यांपासून खोकला आहे का? ताप? वजन घटलंय? काविळीचा, यकृताचा काही त्रास? क्षयाचं औषध कधी घेतलंय? हे शेवटचं ती का विचारते ते मला नंतर समजलं. औषध तेच, रिफॅम्पिसिन, क्षयावरचंही मुख्य औषध. अंगात क्षय दडलेला असेल तर एकच मात्रा देऊन त्या जंतूला सावध करायचं नसतं, म्हणून आधी खोकल्याची चौकशी. आम्हा दोघांना सहाशे मिलिग्रॅमची मात्रा दिली आणि तिच्यासमोर गिळायला लावली. "लघवी लाल होईल, घाबरू नका," असं ती दोनदा बजावून गेली. तरी संध्याकाळी न्हाणीघरातून ह्यांची जी हाक आली, ती शेजारच्या इमारतीत ऐकू गेली असेल.

हे सगळं काय चाललं होतं? तेव्हा मला ते सरकारी लचांड वाटलं होतं. नंतर चौकशी केली, वाचलं, तेव्हा समजलं की आमच्या दारात आलेली ही गोष्ट मोठी होती. देशाने २००५च्या डिसेंबरात कुष्ठरोगाचा सार्वजनिक प्रश्न म्हणून निकाल लागल्याचं जाहीर केलं होतं. त्याचा अर्थ दहा हजार माणसांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. हा हिशेब साऱ्या देशाचा. एकेक राज्य त्या रेषेखाली जात राहिलं, तरी छत्तीसगडबरोबर दादरा-नगर हवेलीचं नाव रेषेच्या वरच्या यादीत उरलंच. चारशे एक्क्याण्णव चौरस किलोमीटरचा प्रदेश, २०११च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्याही आतली वस्ती, आणि हा मान!

दरम्यान बांगलादेशात एक मोठी पाहणी झाली होती. रुग्णाच्या निकटच्या माणसांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिली, तर पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यातले नवे रुग्ण सत्तावन्न टक्क्यांनी कमी होतात, असं २००८ साली प्रसिद्ध झालं. पण पाहणीत जमलं म्हणून रोजच्या सरकारी कामात जमेल का? ते पाहण्यासाठी २०१५पासून सात देशांत प्रयोग सुरू झाला. ब्राझील, इंडोनेशिया, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया आणि भारत. भारतात त्यासाठी जागा निवडली ती आमची. सातही देशांत मिळून दीड लाखाहून जास्त माणसांनी ती मात्रा घेतली. त्यांतली दोन माणसं म्हणजे मी आणि हे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत या उपायाची शिफारस आली आणि आपल्याकडे तो इतर राज्यांतही सुरू झाला.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार विचारात पाडणारी वाटली. रुग्णाच्या अगदी जवळ, एका छपराखाली राहणाऱ्याला या एका मात्रेचा फायदा त्यामानाने कमी होतो. त्याच्या अंगात जंतू आधीच पुष्कळ गेलेले असतात. फायदा जास्त होतो तो शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला. म्हणजे ज्याला वाटतं आपला यात काय संबंध, त्यालाच. इस्पितळात पलंग टाकून रुग्णाची वाट पाहत बसलं तर हा माणूस कधीच भेटणार नाही. तो आजारी नाही, त्याला काही होत नाही, तो कशाला येईल? त्याच्याकडे जावं लागतं. आणि तो माझ्यासारखा असेल तर त्याच्या दारात अपमानही गिळावा लागतो.

आमच्याकडे हे जाणं किती अवघड आहे, ते नकाशा पाहिल्याशिवाय समजत नाही. सिल्वासाहून दादऱ्याला जायचं तर मधे गुजरात लागतो. या वाटेच्या हक्कावरून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं आणि १९६० साली निकाल लागला. आता तीच वाट औषधाची पिशवी घेतलेली मुलगी दिवसातून दोनदा ओलांडते आणि कुणाला विचारत नाही. दुसऱ्या टोकाला मांदोणी, सिंदोणीचे डोंगर, आणि मधुबन धरणाच्या फुगवट्याने तोडलेली दुधनीकडची वस्ती. तिथून पुढे एक टेकडी चढली की महाराष्ट्र. तलासरी, डहाणूकडची माणसं उपचाराला सिल्वासाला येतात, आमच्याकडची मुलगी तिकडे दिली जाते, तिकडचा मजूर इथल्या कारखान्यात लागतो. पालघर, वलसाड आणि आम्ही, तिन्हीकडे हा रोग आहे. त्याला चेकनाका ठाऊक नाही, रजिस्टरं मात्र तीन सरकारांची.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येते.

नाव सांगितलं नाही, म्हणून मी स्वतःच शोधायला बसले. आमचं कुणाशी येणं-जाणं आहे? वरच्या मजल्यावर बँकेतले साहेब, समोर कारखान्याचे इंजिनिअर, खाली मारवाडी कुटुंब. ही सगळी नावं मी एका दमात वगळली. उरली आमची भांडीवाली. धोडिया समाजाची, नरोलीच्या रस्त्याला चाळीत राहणारी, नऊ वर्षं आमच्या घरात वावरलेली. तिच्या मनगटावर काळपट डाग होता. भाकरी करताना तव्याचा चटका बसलेला, हे मला ठाऊक होतं. डाग पडला तेव्हा बरनॉल मीच दिलं होतं. तरी मनाने एकदा ठरवलं की ते पुरावे गोळा करतं. मी तिला म्हटलं, "आम्ही गावाला जातोय, पंधरा दिवस येऊ नकोस." पंधराचे तीस झाले. वॉचमनकडून दुसरी बाई लावली. जुनीला एका महिन्याचा पगार जास्तीचा पाठवला आणि स्वतःला पटवलं की आपण व्यवहाराला चोख आहोत.

ह्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी एकदा विचारलं, "ती का येत नाही?" मी म्हटलं, "गावाला गेलीय."

ह्यांचं ड्रेसिंग विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात चालू होतंच. रांग मोठी, मी बाहेर बाकावर बसून राही. इस्पितळाला विनोबांचं नाव का, याचा विचार इतकी वर्षं मी केला नव्हता. त्या बाकावर बसून आठवलं की वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं ते विनोबांच्याच सहवासातल्या मनोहर दिवाणांनी. त्या काळी औषध नव्हतं. सेवा करायची म्हणजे गावाने बाहेर काढलेल्यांजवळ आपणही गावाबाहेर जाऊन राहायचं. आता सगळा उलटा प्रवास आहे. रुग्णाला गावाबाहेर नेणं नाही, त्याला त्याच्या घरात, त्याच्या कामावर, त्याच्या पंगतीत ठेवायचं आणि औषध तिथे पोहोचवायचं.

एक दिवस त्वचारोग विभागाच्या दारात माझी ती विद्यार्थिनी दिसली. कुणा म्हाताऱ्याला घेऊन आली होती. त्याच्या पायाला भेग पडली होती आणि त्याला मऊ रबराच्या, एमसीआरच्या चपला मिळणार होत्या. पायाला लागलेलं कळत नाही, म्हणून काट्याकुट्यावरून चालतात, जखमा होतात, आणि बोटं जातात ती अशी. रोग स्वतः बोटं खात नाही. हे तिने मला तिथल्या तिथे सांगितलं. ह्यांच्या अंगठ्याचंही तेच होतं. रोग वेगळा, पायाची गत सारखी.

मी तिला बाकावर बसवलं आणि एवढे दिवस घशाशी अडकलेलं विचारलं. ज्याच्यामुळे आमचं नाव यादीत आलं, त्याच्यापासून आम्हाला अजून भीती आहे का?

"औषध चालू झालं की थोड्याच दिवसांत तो कुणाला लावत नाय, बाई. सहा महिने, नायतर बारा महिने गोळ्या. फुकट मिळतात. भीती आहे ती ज्याचं अजून कळलंच नाय त्याची. आणि ते पाच वर्षांनी दिसंल, नायतर वीस वर्षांनी."

"मग नाव सांगितलंस तर काय बिघडतं? आम्हीही सांभाळून घेऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याबद्दल तिला किती माहीत होतं, ते मला त्या नजरेवरून कळेना. "एकाचं नाव फुटलं ना बाई, की पुढचे दहा जण येतच नायत. मग बसा शोधत. यादी पण त्याला विचारूनच करतो. तो म्हणाला या घराला जाऊ नका, तर जात नाय."

तिचं हे म्हणणं किती व्यवहाराचं होतं! २०१९ साली कायदा बदलेपर्यंत आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं. कुणाच्या लेकीचं लग्न मोडायला, कुणाची नोकरी जायला एवढासा कागद पुरे होता. इस्पितळाकडे तेवढे कागद किती असतील? आणि एवढी माणसं राबतात त्या खात्यातून एक नाव बाहेर येत नाही, हे औषधाइतकंच मोठं काम आहे, असं मला तेव्हा वाटलं. अर्थात वाटलं ते बाकावर बसल्या बसल्या. घरी नवी बाई भांडी घासत होती.

उठताना मी तिला आपल्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल विचारलं. तिला तो आठवत होता. भारद्वाजाचा आवाज सगळ्यांना आठवतो. "वापीला गेला म्हणतात. मग कुठं, माहीत नाय." जरा थांबून म्हणाली, "ते कोडच असंल बाई. कोड दुधासारखं पांढरंफेक असतं, आणि तिथं हात लावलेला कळतो. कुष्ठाचा डाग फिका असतो, नायतर लालसर, पांढराफेक नाय. आणि तिथं स्पर्श कळत नाय. त्याचा कसला होता? पांढराफेक होता का?"

मला आठवेना. त्याचा सतराचा पाढा आठवतो, गोणपाटाचा रंग आठवतो, ते दार आठवतं. डाग दुधासारखा होता की फिका, ते आठवत नाही. मी जवळून पाहिलाच नव्हता. दिवसभर माझ्या हातात बॉलपेन असायचं. डोळे मिट म्हणून त्याला सांगायचं, पेनचं टोक डागाला टेकवायचं आणि विचारायचं, कुठे लागलं? अर्ध्या मिनिटाचं काम. डाग कुष्ठाचा असता तरी औषध तेव्हा निघालेलं होतं. देशात १९८३पासून ते द्यायला सुरुवात झाली होती. कोड असतं तर प्रश्नच नव्हता. दोन्हींपैकी काहीही असलं, तरी मुलगा शाळेत राहिला असता.

त्या रविवारी मी चाळीत गेले. पाऊस थांबला होता, गल्लीत चिखल. ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, आत नेलं, स्टीलच्या पेल्यात चहा दिला. काय बोलावं हे मी वाटेत ठरवून आले होते, ते सगळं विसरलं. एकदम म्हणाले, "तुझ्याकडे इस्पितळाची माणसं आली होती का?"

"आवी'ती ने. में पण गोळी खाधी." तिने सहज सांगितलं. मग माझ्याकडे न पाहता, सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मने तो एम के साहेबने छे. पगे पाटो हतो ने. एटले हूं कंई बोली नहीं."

हे समजायला मला क्षणभर लागला, भाषा समजत होती तरी. ह्यांच्या पायाची पट्टी, दर दोन दिवसांनी सिव्हिलला जाणं, मग यादी करत घरोघर आलेली माणसं. तिने दोन आणि दोन चार केले होते, जसे मी केले होते. तिच्या हिशेबाने रोग आमच्या घरात होता. आणि तरी गोळी घेतल्यावर ती आमच्याकडे पुढचे आठ दिवस आली होती, ह्यांचं ताट, ह्यांची वाटी, ह्यांचा पेला घासत होती. मी तिला 'येऊ नकोस' म्हटलं, ते तिला लाज झाकायला म्हटल्यासारखं वाटलं. चाळीत तिने कुणाला सांगितलं नाही. दुसरीकडे काम मिळत होतं, तिथे आमच्याकडचं का सोडलं असं विचारलं, तेव्हा 'बेन गावाला गेल्या' एवढंच सांगितलं. माझं खोटं तिने जसंच्या तसं पुढे चालवलं होतं.

मी तिला खरं सांगितलं का? सांगितलं. साहेबांना मधुमेह आहे, दुसरं काही नाही, हे आधी सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज चढला होता हे मला जाणवलं. मग मला तिच्याबद्दल काय वाटलं होतं, तेही सांगितलं. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मनगटावरचा डाग पाहून हसली. राग आला असेल तर तिने दाखवला नाही. तो दाखवण्याइतकी बरोबरी आमच्यात नव्हती, हेही खरं.

मूळ रुग्ण कोण होता, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. बँकेतले साहेब बदलून गेले, इंजिनिअर वापीला राहायला गेले, मारवाडी कुटुंब अजून खाली आहे. कधी जिन्यात भेट झाली की मनात पाल चुकचुकते, आणि मग मी मुद्दाम थांबून दोन शब्द बोलते. गावात २०१९पासून मेडिकल कॉलेज आहे, २०२५च्या मार्चमध्ये साडेचारशे खाटांचं नमो हॉस्पिटल सुरू झालं. लिफ्ट, काचा, टोकन देणारं यंत्र. ह्यांना डोळे दाखवायला नेलं होतं, तेव्हा मी उगाचच खांद्याला पिशवी लावलेली कुणी दिसते का, ते पाहत होते. ती तिथे कशी दिसेल? ती उन्हात कुठेतरी कुणाच्या दारात उभी असणार.

त्या रविवारी चाळीतून निघताना पगाराचं ठरवायचं होतं. तिने महिन्याला दोनशे वाढवून मागितले आणि रविवारची सुट्टी. मी दोन्ही कबूल केलं. गल्लीच्या तोंडापर्यंत ती सोडायला आली, चिखलात दगड कुठे आहेत ते दाखवत. मी रिक्षात बसल्यावर तिने विचारलं,

"साहेबनो अंगूठो केम छे?"

"भरत आलाय," मी म्हटलं.

"काले आवुं छूं," ती म्हणाली, आणि परत वळली.